डाव्या बाजूचे बोल्ट

बाबा, दिवाळीच्या आधी मी घरात एक पलंग आणला आणि तो लाकडाचा नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही तिथंच अडकून बसाल. फोनवर चित्र पाहून मागवलेला, दोन लांबट खोक्यांतून आलेला, दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचा पलंग. सोबत चित्रांचा एक कागद, बोल्टची पिशवी आणि बोल्ट पिळायला एक वाकडी चावी. तुमच्या नातीचं बारावीचं वर्ष आहे, तिला अभ्यासाला वेगळी खोली हवी होती. राजापेठेतल्या आमच्या घरात वेगळी खोली म्हणजे जिथं आजवर गव्हाची कोठी आणि जुनी सायकल होती ती. ती रिकामी केली, रंग दिला. मिस्त्री शोधले, पण आताचे मिस्त्री तारीख देतात आणि येत नाहीत. तुमचे जावई, ज्यांना तुम्ही पाहिलं नाही, यवतमाळला नोकरीला असतात आणि शनिवारी घरी येतात. मी म्हटलं, मी सुताराची पोरगी, मला चार फळ्या जोडता येणार नाहीत का? एका रविवारी दुपारभर जमिनीवर बसून जोडला. उभा राहिला, दिसायलाही बरा दिसला. पण पोरगी त्यावर वही घेऊन बसली की तो डुगडुगायचा. तिनं मांडी बदलली की डोक्याकडची फळी भिंतीवर आपटायची. एकदा तिनं मला वही आणून दाखवली. आकृतीतली सरळ रेघ मध्येच नागमोडी झाली होती. "आई, तू आजोबांची मुलगी आहेस हे कोणाला सांगू नकोस," असं म्हणून ती हसली. मीही हसले.

चाचा त्याच आठवड्यात आले. माझे चाचा, म्हणजे तुमचे भागीदार, तुमच्यासोबत अकोल्यात जुन्या शहरातल्या त्या पत्र्याच्या कारखान्यात बावीस वर्षं लाकूड कापलेले. आता ते अमरावतीलाच लेकीकडे राहतात. गुडघे गेले आहेत, पण महिन्यातून एकदा ऑटो करून माझ्याकडे येतात, चहा पितात, थोडा वेळ बसतात आणि जातात. तुमच्याबद्दल आम्ही फारसं बोलत नाही. मी कधी विषय काढला तर ते "चांगला माणूस होता" म्हणून थांबतात, आणि मला वाटायचं त्यांना त्रास होतो. त्या दिवशी मी पलंगाची तक्रार केली, तर म्हणाले, दाखव. खोलीत गेले, फळीच्या कडेवरून हात फिरवला, नखानं थोडं टोकरलं. "ही लकडी नोहे बेटा, हा भुशाचा लाडू आहे," म्हणाले. मग खुर्ची मागवून बसले, आणि मला खाली बसवून काम सांगायला लागले.

सगळे बोल्ट ढिले कर, म्हणाले. तू एक-एक कोपरा पूर्ण आवळत गेलीस, म्हणून चौकट तिरपी बसली. आधी सगळं ढिलं, मग चौकट काटकोनात, मग चारही कोपरे थोडे थोडे. त्यांनी सुतळी मागितली. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मी ती ताणून धरली, गाठ मारली, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत धरली. बोटभर फरक निघाला. मी चौकट रेटली, पुन्हा मोजली. मला फार बरं वाटत होतं, बाबा. कितीतरी वर्षांनी कोणी मला वर बसून काम सांगत होतं आणि मी खाली बसून करत होते. काढलेले बोल्ट मी एका स्टीलच्या ताटलीत ठेवले होते. आवळायला सुरुवात केली आणि ताटली सापडेना. विचारलं, चाचा, बोल्ट कुठं ठेवले मी? तुझ्या डाव्या हाताशी आहेत, म्हणाले. खरंच तिथंच होते. पुढच्या कोपऱ्याला पुन्हा तेच झालं. मी समोर पाहिलं, मागं पाहिलं, पलंगाखाली हात घातला. डाव्या हाताशी, म्हणाले. तिसऱ्या वेळीही विचारलं. मी वर पाहिलं. ते पलंगाकडे पाहतच नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

"सरळ त्या खिडकीच्या कडीकडं पाह्य," म्हणाले. "मान हलवू नको." मला वाटलं चौकट सरळ आहे का ते बघायचं आहे. मी कडीकडे पाहत राहिले. "आता सांग, माझा हात दिसून राह्यला का तुले?"

मी म्हटलं, "कोणता हात?"

मी मान वळवली तेव्हा त्यांचा हात माझ्या डाव्या गालापासून वीतभर दूर हवेत होता, पाचही बोटं पसरलेली. तो त्यांनी हळूच खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या बापाचं असंच सुरू झालं होतं, बेटा." मला वाटलं ते माझ्या कामाच्या पद्धतीबद्दल बोलताहेत. मी हसून म्हटलं, मग काय, सुतारकी रक्तातच आहे. "सुतारकी नाई," ते म्हणाले. "डोये."

पुढचा अर्धा तास ते जे बोलले ते मी ऐकलं, पण ऐकताना माझ्या हातात ती वाकडी चावी होती आणि ती मी इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर तिचा वळ उठला, एवढंच मला नीट आठवतं. बाकीचं नंतर तुकड्या-तुकड्यांनी आठवलं. तुम्हाला काचबिंदू होता. चाळिशीच्या आतच सुरू झाला. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं उरलं, आणि शेवटची चार वर्षं तेही धुरकट. चार वर्षं, बाबा. म्हणजे मी दहावीत होते तेव्हापासून. त्या चार वर्षांत तुम्ही पलंग केले, दारं केली, देव्हारे केले. करवत चाचा चालवायचे. आखणी तुम्ही पेन्सिलीनं करणं सोडलं आणि खिळ्यानं खोल ओरखडा काढायला लागलात, म्हणजे बोटाला लागेल. घासून गुळगुळीत करण्याचं काम सगळं तुम्ही घेतलंत. आणि लोक म्हणायचे, या मिस्त्रीच्या लाकडावरून हात फिरवला तर रेशीम वाटतं. मीही हे शाळेत मैत्रिणींना सांगायचे.

मी चाचांना विचारलं, आईला माहीत होतं? नाही, म्हणाले. "कोनालेच नाई. मले रंध्यावर हात ठेवायला लावला होता त्यानं." सुतारानं हत्यारावर हात ठेवून दिलेला शब्द काय असतो हे मला माहीत आहे, तुमच्याच घरात वाढले मी. तरी मी त्यांना म्हटलं, तेवीस वर्षं? तेवीस वर्षं तुम्ही आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेलात? ते म्हणाले, शिव्या दे, हक आहे तुझा. मी शिव्या दिल्या नाहीत. त्यांना ऑटोत बसवून दिलं. चाचांनी खाली उतरताना जिन्याचा कठडा धरला आणि दुसऱ्या हातानं माझा दंड धरला. मला कळलं की ते मला आधार मागत नाहीत, देताहेत. माझ्याच घराच्या जिन्यावर. त्याचाच मला जास्त धक्का बसला.

तुम्ही का लपवलं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती वर्षं मलाही आठवतात. अंजनगाव सुर्जीकडून, दर्यापूरकडून, सगळ्या खारपाणपट्ट्यातून लग्नसराईची कामं यायची. पोरीच्या लग्नात पलंग आणि कपाट द्यायची रीत होती. मग एका वर्षी कापूस गेला, दुसऱ्या वर्षी पाऊस गेला, आणि गावोगावची लग्नं साधी व्हायला लागली. एक वधुपिता येऊन दारातच उभा राहिला होता, आत यायला तयार नव्हता. म्हणाला, मिस्त्री, पलंग राहू द्या. पलंगाचे चारही पाय तुम्ही कातून ठेवले होते. तुम्ही त्याला पाणी दिलं, बसवलं, आणि तो गेल्यावर त्या चार पायांचं एक स्टूल केलंत. अशा दिवसांत डोळस मिस्त्री रिकामे बसले होते. दिसत नाही अशा मिस्त्रीला कोण दाराचं काम सांगणार? हे मला समजतं. पण समजतं आणि तरी मी दोन दिवस घरात भांडी आपटत होते.

त्या दोन दिवसांत मला एकेक दिवस आठवत गेला आणि प्रत्येक दिवस उलटा झाला. मी नववीत आहे. कारखान्यात येते, तुमची लहान पटाशी घेते, पेन्सिलीला टोक करते आणि पटाशी खिडकीत ठेवून देते. थोड्या वेळानं तुम्ही बाकावर हात फिरवता, पुन्हा फिरवता, आणि मग गिऱ्हाइकासमोर माझ्या थोबाडीत देता. तुम्ही मला आयुष्यात तेवढं एकदाच मारलं. "माझी वस्तू जिथं आहे तिथंच पाह्यजे. काहून हलवली?" तुमचा आवाज चिरका झाला होता. मला तो राग वाटला. एवढ्याशा पटाशीसाठी, असं मी आईला सांगत राहिले. तो राग नव्हता. तुम्ही घाबरला होता. गिऱ्हाइकासमोर बाक चाचपताना पकडले गेलात म्हणून घाबरला होता. आणि ते मला त्रेचाळिसाव्या वर्षी, भाजी निवडता निवडता कळलं. माझ्या हातातली मेथी हातातच राहिली.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. जायला आठ दिवस लावले, हेही खरं. त्या आठ दिवसांत क्लासमधल्या पोरांना सहज विचारलं, मी शिकवताना काही राहून जातं का? मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, चाळीस पोरं असतात. एक मुलगी म्हणाली, मॅडम, तुम्ही भिंतीकडच्या बाकांना कधीच प्रश्न विचारत नाही. हात वर केला तरी पाहत नाही. बाकीची पोरं हसली. म्हणजे त्यांच्यात ते माहीतच होतं. अभ्यास झाला नसेल त्यानं भिंतीकडे बसायचं, अशी त्यांची सोय झाली होती. भिंत माझ्या डावीकडे आहे.

दवाखान्यात एका पेटीत हनुवटी ठेवून बसवतात. समोर पांढरा घुमट असतो, त्यात बारीक ठिपके चमकतात. ठिपका दिसला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याचं झालं. मग डाव्या डोळ्याचं सुरू झालं, आणि मी बटणावर बोट ठेवून वाट पाहत बसले. बराच वेळ काही झालं नाही. मी तिथल्या मुलीला म्हटलं, मशीन बंद पडलं का? ती म्हणाली, नाही ताई, सुरू आहे, तुम्ही समोर पाहत राहा. तेव्हा मला पहिल्यांदा खरं वाटलं. चाचांचं बोलणं ऐकून नाही, त्या मुलीच्या मऊ आवाजानं. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, घरात कोणाला काचबिंदू होता? आजवर चष्म्याच्या दुकानात, तपासणीत, कुठंही कोणी विचारलं की मी नाही म्हणत आले. त्या दिवशी म्हटलं, वडिलांना. त्यांनी लिहून घेतलं. डाव्या डोळ्याचं बरंच गेलं आहे, उजव्याचं आता सुरू होतंय, म्हणाल्या. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखता येतं, रोज थेंब घालावे लागतील, जन्मभर. लवकर का आला नाहीत, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, कोणास ठाऊक.

मग बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि मला बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसवलं. थेंब झोंबले. आणि ते झोंबणं मला ओळखीचं वाटलं, बाबा. मी सातवीत आहे. भर दुपारी तुम्ही शाळेत येता, बाईंना सांगता की मावशी आजारी आहे, आणि मला घेऊन निघता. मावशीकडे नाही, एका दवाखान्यात. डोकं दुखते म्हणून सांगजो, असं वाटेत शिकवता. माझं डोकं दुखत नसतं, पण शाळा बुडते म्हणून मी खूश असते. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर माझ्या डोळ्यांत बराच वेळ उजेड पाडून पाहतात, तुम्ही दाराशी टोपी हातात घेऊन उभे असता. परत येताना मोर्णेच्या पुलावर ऊन इतकं पांढरं वाटतं की मी डोळे चोळत हसते आणि म्हणते, बाबा, मले काहीच दिसून नाई राह्यलं. तुम्ही थांबता. भर रस्त्यात माझ्यापुढं उकिडवे बसता, माझे दोन्ही खांदे धरता. "काहीच नाई?" तुम्ही विचारता. मी म्हणते, अहो, थेंबांनी झालं, डॉक्टर म्हणाले ना, उद्यापर्यंत जाईल. तरी तुम्ही उठत नाही. मागून सायकलवाले घंटी वाजवत असतात. मग तुम्ही उठता, पुलाखाली बसलेल्या बाईकडून टोपलीभर सीताफळं घेता, टोपलीसकट. आई रागावते, एवढी सीताफळं कोण खाणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला तीनदा विचारता, भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखव म्हणता. मी वाचून दाखवते, तिथीवारासकट. तुम्ही गाणं म्हणत कामाला जाता. तुम्हाला गाणं येत नव्हतं.

हे सगळं मला त्या बाकावर मिटल्या डोळ्यांनी दिसलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, थेंब फार झोंबतात का हो? मी मान हलवली.

म्हणजे तुम्ही मला दाखवून आणलं होतं. मग पुढं काय झालं, हे विचारायला मी चाचांकडे गेले, त्यांच्या लेकीच्या घरी, पहिल्यांदाच. लेकीनं शिरखुर्मा केला होता, सण नसताना. चाचा म्हणाले, डॉक्टरनं सांगितलं होतं, पोरीचे डोळे आज साफ आहेत, पण दरवर्षी दाखवा. तुझ्या बापानं एकदा नेलं. मग? मी विचारलं. कामं नव्हती म्हणून? त्यांनी वाटी खाली ठेवली. "कामाचं नाई," म्हणाले. "तो म्हने, पोरगी शहाणी झाली आता. दुसऱ्यांदा नेलं तर इचारीन, कोनाचे डोये गेले म्हनून."

बाबा, मी हे वाक्य रोज एकदा तरी मनात म्हणते. मी हुशार होते म्हणून तुम्ही मला नेलं नाही. मी विचारेन म्हणून. आणि मी विचारलं असतंच. तेव्हा मी प्रत्येक गोष्ट विचारायचे, तुम्हीच लाडानं मला वकील म्हणायचात. मी पाच वर्षांपूर्वी जरी गेले असते तरी बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. मी चिडून हे चाचांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग, जणू काही तेही देऊन टाकायचं राहिलं होतं असं, ते बारावीच्या निकालाचं बोलले. निकाल लागला त्या दिवशी मी गुणपत्रिका घेऊन धावत आले होते. तुम्ही हात पुसलेत, ती धरलीत, बराच वेळ तिच्याकडे तोंड करून उभे राहिलात, बोटं फिरवलीत आणि म्हणालात, कागद चांगला आहे. मी कॉलेजात पहिली आले होते आणि तुम्ही म्हणालात, कागद चांगला आहे. मी त्यानंतर पंधरा दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या ताटात भाकरी वाढून निघून जायचे. चाचा म्हणाले, दुसऱ्या दिवशी तुम्ही ती गुणपत्रिका शर्टाच्या आत घालून कारखान्यात आणलीत आणि त्यांच्याकडून सगळे विषय वाचून घेतलेत. मग म्हणालात, पुन्हा वाच, सावकाश.

एक शेवटची गोष्ट चाचांनी सांगितली, ती मला अजून पेलत नाही. तुम्ही गेलात त्या दुपारी रस्ता ओलांडत होता. मेटॅडोरवाल्याला लोकांनी मारलं. तो सारखा म्हणत होता की मिस्त्री सरळ पुढं आले, मी हॉर्न देत होतो. कोणी ऐकलं नाही. मीही नाही. आई मरेपर्यंत रोज दिवा लावताना त्याला शिव्याशाप द्यायची, आणि मी तिला कधी थांबवलं नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. त्यानं गाडी चालवणं सोडलं, एवढं कानावर आलं होतं. त्याचं मला बरं वाटलं होतं. आई गेल्यावर चाचा त्याला शोधत अंजनगावला गेले. तो आता तिथं सायकलींची पंक्चर काढतो. चाचांनी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "मले तवाच मालूम पडलं होतं. माझ्याकडं तोंड होतं त्यायचं, पन मले पाहून नोते राह्यले." मग त्यानं फक्त एवढं विचारलं की घरच्यांना सांगितलं का. चाचा नाही म्हणाले. तो म्हणाला, नका सांगू मग, आता काय. मी अंजनगावला जाणार आहे. एसटीनं दोन तास लागत नाहीत. दोन रविवार ठरवलं आणि दोन्ही रविवारी काही ना काही काम निघालं.

पलंग बरा झाला, हे सांगायचं राहिलं. चाचा पुन्हा आले तेव्हा आम्ही तो पुरा केला. मधला पाय जमिनीला टेकत नव्हता, त्याखाली त्यांनी सागवानाची पाचर ठोकली, खिशातून आणलेली. आता पोरगी त्यावर उडी मारून बसते तरी हलत नाही. बोल्टची ताटली या वेळी त्यांनी माझ्या समोर ठेवली होती.

हे पत्र मी पाठवणार तरी कुठं? आणि तुम्ही हयात असतात तरी ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि त्यातलं निम्मं मला त्या माणसासमोर लिहिता आलं नसतं. म्हणून वहीतच राहू द्यावं म्हणते. माझा राग गेलेला नाही. तुम्ही सांगायला हवं होतं. आईला नाही, लोकांना नाही, पण मला सांगायला हवं होतं, हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं असतं.

डॉक्टर बाईंनी नातीलाही घेऊन यायला सांगितलं आहे. या शनिवारी नेते. तिला मी सांगितलं की परीक्षेआधी चष्म्याचा नंबर पाहून घेऊ. तुमच्या जावयांना सगळं सांगितलं, तिला नाही. परीक्षा होऊ दे, मग सांगेन, असं मी त्यांना म्हटलं. काल ती फ्रिजमधून दही काढत होती, तिच्या हाताला थेंबांची बाटली लागली. हे काय गं, म्हणाली. मी कणीक मळत होते. मान वर न करता म्हटलं, क्लासमध्ये खडूची धूळ फार होते ना, त्याचे आहेत. ती बरं म्हणाली आणि बाटली जागेवर ठेवून गेली. मला अडखळायलाही झालं नाही, बाबा.